घरचे मसाल्याचे तेल : करावे कसे, वापरावे कुठे

घाटावर थंडीचा कडाका वाढू लागला की बुलढाणा, चिखली, मेहकर या भागातील घराघरांत सकाळी एक लहानशी कढई चुलीवर चढते. तिळाचे तेल, त्यात ओवा, मेथी, सुंठेचा तुकडा, लसणाच्या चार पाकळ्या. घाटाखाली, शेगाव-नांदुऱ्याकडे, थंडी थोडी सौम्य असते. पण कापूस वेचून वाकलेल्या कमरा तिथेही दुखतातच. दिवाळीच्या अभ्यंगापासून संक्रांतीपर्यंत आपल्याकडे तेलाचे दिवस असतात, आणि या दिवसांत ज्येष्ठ मंडळी व त्यांची काळजी घेणाऱ्या लेकी-सुना मला हमखास एकच प्रश्न विचारतात : ‘‘डॉक्टरसाहेब, घरचे तेल लावले तर चालेल का?’’

चालेल. मात्र तीन गोष्टी सांभाळून. तेलात ओल राहू नये. तेल भलत्या वाटेने शरीरात जाऊ नये. आणि तेल चोळण्यात उपचाराची वेळ निघून जाऊ नये. घरच्या तेलामुळे झालेला जो जो अपाय माझ्या पाहण्यात आला, तो बहुतेक या तिन्हींपैकी एका कारणाने झालेला होता. या लेखात तेल करण्याची रीत पाहू आणि या तीन गोष्टींचा क्रमाने विचार करू.

तेल नेमके काय करते

ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल, मिरचीत कॅप्सेसिन असे पदार्थ असतात. ते पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात. म्हणून तेलात मसाला मंद आचेवर ठेवला की त्याचा वास आणि चुरचुरीतपणा तेलात येतो. कॅप्सेसिनमुळे त्वचेतील उष्णता ओळखणारे मज्जातंतूंचे टोक चेतवले जाते आणि आपल्याला ऊब जाणवते. हा ग्राहक शोधून काढणारे शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांच्या शोधाची सुरुवात मिरचीतील याच घटकापासून झाली होती.

पण तेल ‘हाडात मुरते’ किंवा गुडघ्याला ‘वंगण देते’, ही समजूत खरी नव्हे. सांध्याची झीज तेलाने भरून येत नाही. आराम मिळतो तो उबेने, चोळण्याने सैल झालेल्या स्नायूंनी, आणि आपल्या माणसाच्या हाताने. हा आराम खोटा नाही. रात्री झोप लागणे, सकाळी पाय मोकळा होणे, दुखण्याची गोळी एखाद्या वेळी कमी लागणे, हे वृद्धापकाळात लहान लाभ नव्हेत. तेलाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, म्हणजे निराशाही होत नाही आणि अपायही होत नाही.

तेल करण्याची रीत

तेल थोडे करावे आणि ताजे वापरावे. एका वेळी १०० मिलिलिटर पुरे. आधार म्हणून तिळाचे तेल उत्तम. त्यातील नैसर्गिक घटकांमुळे ते लवकर खवट होत नाही. जवसाचे तेल हवेने फार लवकर बिघडते, म्हणून ते या कामासाठी घेऊ नये. खोबरेल चालते, पण आपल्याकडच्या थंडीत ते गोठते.

१०० मिलिलिटर तेलाला एक चहाचा चमचा ओवा, एक चमचा मेथी, बोटाच्या पेराएवढा सुंठेचा तुकडा आणि चार-पाच लवंगा घ्याव्यात. सर्व मसाला निवडून, उन्हात किंवा कोरड्या तव्यावर किंचित गरम करून पूर्ण कोरडा करावा. कढई, झारा, गाळणे, बाटली, सारेच कोरडे असावे. तेल मंद आचेवर ठेवून त्यात मसाला घालावा आणि आठ-दहा मिनिटे सावकाश तापू द्यावे. मेथी तांबूस झाली की आच बंद करावी. मसाला काळा पडला किंवा तेलातून धूर निघू लागला, तर सुगंधी घटक उडून गेले आणि तेल जळाले असे समजावे. ते टाकून द्यावे. कढई सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नये. तेलाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये. आच बंद करून कढईवर झाकण ठेवावे.

तेल पूर्ण निवल्यावर कोरड्या सुती कापडातून गाळावे. मसाला तळाशी राहू देऊ नये. काचेच्या, शक्यतो गडद रंगाच्या बाटलीत भरून तीवर कागद चिकटवावा : काय आहे, कोणत्या तारखेला केले, आणि ठळक अक्षरांत ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’. बाटली सावलीत ठेवावी. महिनाभरात संपवावी. वास खवट आला, रंग गढूळ झाला किंवा तळाशी साका दिसला, तर महिना भरण्याची वाट पाहू नये.

पहिल्यांदा वापरताना हाताच्या आतल्या बाजूस दोन थेंब लावून एक दिवस थांबावे. खाज, लाली किंवा पुरळ आले नाही, तरच पुढे जावे. मिरचीचे तेल मात्र घरी करू नये. औषधाच्या मलमात कॅप्सेसिनचे प्रमाण मोजून घातलेले असते. आपल्या कढईत ते कुणालाच मोजता येत नाही, आणि तोच हात नकळत डोळ्याला लागतो.

पहिली गोष्ट : ओल

आमच्याकडे लोणचे वर्षभर टिकते, मग लसणाचे तेल का टिकू नये, असे एका आजींनी मला विचारले होते. प्रश्न फार मार्मिक आहे. लोणच्यात मीठ असते आणि आंबटपणा असतो. घातक जंतूंना हे दोन्ही मानवत नाही. नुसत्या तेलात बुडवलेल्या कच्च्या लसणाला यांपैकी काहीच राखण नसते. उलट लसणात स्वतःची ओल असते, त्याला चिकटून मातीतील जंतूंचे बीजाणू आलेले असू शकतात, आणि वरच्या तेलामुळे हवा बंद झालेली असते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूला हेच हवे असते : ओल, ऊब आणि हवेचा अभाव. अशा तेलात तो जे विष तयार करतो, त्याला ना वास असतो ना चव.

कॅनडातील व्हँकुव्हर शहरात १९८५ साली हे घडले. एका उपाहारगृहात तेलात ठेवलेला चिरलेला लसूण शीतपेटीबाहेर राहिला आणि तो खाण्यात आल्याने ३६ जणांना बोट्युलिझम हा आजार झाला. एकाची दोन दृश्ये दिसणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे, घास न गिळता येणे आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडणे, ही त्याची लक्षणे. आजार इतका विरळा की अनेकांचे निदान सुरुवातीला भलतेच झाले होते.

अखंड त्वचेवर चोळलेल्या तेलातून हा आजार होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. भीती आहे ती एकाच बाटलीच्या दुहेरी वापराची. आपल्याकडे छातीला चोळायचे तेल खोकल्यावर ‘अर्धा चमचा घे’ म्हणून पाजले जाते, आणि भाकरीवर घालायचे लसणाचे तेल ओट्यावर आठवडाभर उघडे असते. म्हणून खाण्यासाठी लसणाचे तेल करायचे असेल तर त्या दिवसापुरतेच करावे. उरलेच तर लगेच शीतपेटीत ठेवावे आणि चार दिवसांच्या आत संपवावे किंवा टाकावे. दुसऱ्यांदा गरम केले म्हणजे बीजाणू मेले, असे समजू नये. उकळत्या पाण्याच्या उष्णतेलाही ते दाद देत नाहीत. चोळण्यासाठी लसूण घालायचाच असेल तर तो तेलात तांबूस, कुरकुरीत होऊन बुडबुडे थांबेपर्यंत तळावा, लगेच गाळून काढावा आणि ते तेलही थोड्या दिवसांतच संपवावे. कच्चा लसूण ठेचून त्वचेवर बांधू नये. त्याने भाजल्यासारखे फोड येतात.

मी वैद्य नव्हे. पण जुन्या वैद्यकग्रंथांत तेलपाकाची रीत वाचली तेव्हा एक गोष्ट मनात ठसली. शार्ङ्गधरसंहितेत एक भाग कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असे प्रमाण आहे. हा सारा द्रव आटेपर्यंत तेल मंद आचेवर ठेवायचे आणि शेवटी त्यातील कल्काचा कण अग्नीवर टाकून पाहायचा. तडतड आवाज झाला तर ओल शिल्लक आहे, पाक अपुरा आहे. जंतूंचे नावही ठाऊक नसलेल्या काळात तेलातील ओलीविषयी ही दक्षता होती. आपण घाईने मसाला कढवतो आणि ओली बाटली धुऊन लगेच त्यात तेल भरतो, हे त्या परंपरेलाही धरून नाही.

ओलीबरोबर भेसळीचाही विचार हवा. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला उगवणारे काटेरी, पिवळ्या फुलांचे झुडूप आपण सारे ओळखतो : पिवळा धोत्रा. त्याच्या काळ्या बिया मोहरीसारख्या दिसतात. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ नावाच्या आजाराची साथ पसरली. अनेकांचे प्राण गेले. दोन्ही पायांवर सूज, त्वचेवर लाली, दम लागणे ही त्याची लक्षणे. हे विष केवळ खाण्यातून जाते असे नाही. अशा तेलाने मालीश केल्यानंतरही आजार झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणून ‘लावायचेच तर आहे’ म्हणून सुटे, ठावठिकाणा नसलेले तेल घेऊ नये. ओळखीच्या घाण्यावरून आपल्या डोळ्यांदेखत काढलेले किंवा मोहोरबंद तेलच घ्यावे.

दुसरी गोष्ट : वाट

तेलाची जागा अखंड त्वचेवर. कान, नाक, डोळे, उघडी जखम या वाटा त्याच्यासाठी नाहीत.

कान दुखला की लसणाचे कोमट तेल कानात घालण्याची रीत जुनी आहे. पण कानाचा पडदा फाटलेला असेल तर ते तेल मधल्या कानात जाते, आणि पडदा फाटला आहे की नाही हे घरी कळत नाही. कानातून पू येत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर कानात काहीही घालू नये.

बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडल्यास ते श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते आणि तेथे न्यूमोनिया होतो. तेल फुप्फुसातून सहजी निघत नाही, आणि अशा बाळाला पुष्कळदा खोकलासुद्धा येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांच्या बाबतीतही हाच धोका असतो. त्यांना तेल किंवा तूप नाकावाटे, तोंडावाटे देण्याआधी विचारावे. तान्ह्या बाळाच्या मालिशीसाठी साधे तिळाचे किंवा खोबरेल तेल पुरेसे आहे. त्यात ओवा, लवंग, कापूर, मोहरी यांपैकी काहीही नको. बाळाची त्वचा पातळ असते.

कापराविषयी मी मुद्दाम वेगळे सांगतो. तेलात कापूर विरघळवून छातीला चोळणे आपल्याकडे सर्रास चालते. परंतु एखाद्या ग्रॅमएवढा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात आणि जिवावर बेतू शकते. निलगिरी तेलाचे काही मिलिलिटरही तसेच घातक. नातवंडे असलेल्या घरात कापूर आणि अशी तेले देव्हाऱ्यात, खिडकीत किंवा उशाशी ठेवू नयेत. मुलाने प्यायले तर उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

दातदुखीवर लवंगेचे तेल खरोखर उपयोगी आहे; दंतवैद्यही युजेनॉल वापरतात. मात्र कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब, तोही दाताच्या खड्ड्यापुरता. हिरडीवर लावल्यास ती भाजते. आराम पडला तरी कीड तशीच असते, म्हणून दाताचा उपचार टाळू नये.

आणि बिब्बा. ‘कामात बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. बिब्ब्याचे तेल त्वचेला लागताच काहींना काही तासांत, काहींना दोन-तीन दिवसांनी, जळजळ, फोड आणि स्रवणाऱ्या जखमा होतात; डाग वर्षानुवर्षे राहतात. आयुर्वेदातही बिब्बा शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. टाचेच्या भेगांवर, काटा मोडलेल्या जागी, दुखऱ्या गुडघ्यावर घरी बिब्बा लावू नये. मधुमेही व्यक्तीच्या पायाला तर कदापि नाही.

ज्येष्ठांसाठी विशेष

वयाबरोबर त्वचा पातळ आणि कोरडी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर जोराने रगडल्यावर काळेनिळे डाग पडतात. अशांना हलक्या हाताने तेल लावावे, दाबू नये. वेदनेचे मलम, विशेषतः विंटरग्रीनचा वास येणारे, वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वारंवार लावू नये.

मधुमेहात पावलांची जाणीव कमी होते. तेल किती गरम आहे हे अशा पायाला कळतच नाही. भाजते, फोड येतो, आणि आठवड्याने जखम दिसते. म्हणून तेलाची ऊब दुसऱ्या व्यक्तीने स्वतःच्या कोपरावर पाहावी. बाटली गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावे, थेट आचेवर नव्हे. मधुमेहींनी बोटांच्या बेचक्यांत तेल लावू नये. तेथील ओल तशीच राहून बुरशी वाढते.

एक धोका तेलाच्या बाटलीवर कधी लिहिलेला नसतो : घसरणे. तळपायाला तेल लावून आजोबा न्हाणीघराकडे निघतात, फरशी गुळगुळीत असते, आणि खुब्याचे हाड मोडते. वृद्धापकाळात खुब्याचे हाड मोडल्यावर चालणे पूर्ववत होईलच असे नाही. मालीश बसून किंवा झोपून करावी, ती झाल्यावर तळपाय कोरड्या कापडाने पुसावेत, आणि मगच उठावे. आधाराला माणूस असावा. संध्याकाळची मालीश असेल तर पायांत मोजे घालून अंथरुणातच राहावे.

तिसरी गोष्ट : वेळ

तेल स्वतः निरुपद्रवी असले तरी त्याने मिळालेला धीर कधी कधी घातक ठरतो. ‘वात आहे, चोळून पाहू’ म्हणत जो तास जातो, तो परत येत नाही. पुढील लक्षणे दिसली तर कढई चुलीवर ठेवूच नये.

छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, सोबत घाम किंवा दम असेल, तर तो गॅस समजून चोळत बसू नये, ईसीजी काढावा. मधुमेही आणि वृद्धांना हृदयविकारात छातीत न दुखता केवळ दम, घाम किंवा थकवाही येऊ शकतो.

चेहरा एका बाजूला वाकडा, हात उचलत नाही, बोलणे अडखळते : हा पक्षाघात आहे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आपल्या जिल्ह्यात खेड्यातून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासच तास-दोन तासांचा असतो, हे ध्यानात घेतले तर मालिशीला वेळ उरतच नाही. लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा.

एकाच पोटरीला सूज, दुखणे, गरमपणा असेल, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात राहिल्यावर, तर तिथे मालीश करणे धोक्याचे. शिरेत झालेली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग आणि त्यावर पाण्याचे फोड म्हणजे नागीण. तिच्यावर तेल नको. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

तापासह सांधा लाल आणि गरम होणे, पडल्यानंतर पाय टेकता न येणे, पाठदुखीसोबत पायांतील ताकद जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, याही वेळी प्रथम तपासणी हवी.

केसांच्या तेलाबाबतही हेच. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा सारा जिल्हा हादरला होता. प्रारंभी पाण्याविषयी, बुरशीविषयी शंका घेतल्या गेल्या. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत गव्हातील सेलेनियमच्या जादा प्रमाणाकडे निर्देश झाला. दुखणे डोक्यावर दिसत होते आणि त्याचे कारण ताटात असण्याची शक्यता पुढे आली. वरून तेल लावून असे कारण सापडत नाही.

लक्षात ठेवावे

• तेल थोडे, कोरड्या मसाल्याचे, गाळलेले. बाटलीवर नाव आणि तारीख.
• लावायचे तेल खाऊ नये; खाण्याचे लसणाचे तेल साठवू नये.
• कान, नाक, डोळे, जखम, नागीण यांवर तेल नाही.
• तान्ह्या बाळाला मसाल्याचे तेल नाही. कापूर आणि निलगिरी कुलपात.
• बिब्बा आणि मिरचीचे तेल घरी वापरू नये.
• तेलाची ऊब कोपराने तपासावी. उठण्याआधी तळपाय पुसावेत.
• छातीचा दाब, तोंड वाकडे होणे, एका पायाची सूज : आधी डॉक्टर, तेल नंतर.

ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, त्यांनी मालिशीची ती पंधरा मिनिटे मोडू नयेत. तेल लावतानाच पाठीवरची नवी जखम, टाचेची भेग, पायाची सूज, घटलेले वजन आपल्या ध्यानात येते. आणि वडीलधारी माणसे जे दुखणे डॉक्टरांना सांगत नाहीत, ते त्या वेळी सहज बोलून जातात. तेवढे ऐकावे, टिपून ठेवावे, आणि पुढच्या तपासणीला येताना आम्हाला सांगावे.